मायफळाचा काढा

३ नोव्हेंबर १८३४
आजोबांच्या पेटीतली कवी गुरगनची पोथी अखेर टेबलावर घेतली. हजार वर्षांपूर्वीचा वेल्श कवी, जगात प्रत एकच, आणि ती माझ्याकडे. शाई फार फिकी. नाताळपर्यंत एडिशन काढायची. मीच.

५ नोव्हेंबर
शाळामास्तर टेगिड आला. म्हणे, रेव्हरंड, दोन दिवस तुमच्या चुलीपाशी बसतो, दिसेल तेवढं उतरवून घेतो. ताक पाजून वाटेला लावला. पोथी आमची आणि पुस्तकावर नाव याचं! आयत्या पिठावर रेघोट्या.

८ नोव्हेंबर
मायफळाचा काढा केला. फिकी शाई उठवायला विद्वान मंडळी वापरतात. पहिल्या पानावर ब्रश फिरवला आणि अक्षरं उठून उभी राहिली! गुरगन रणात पडलेल्या आपल्या धन्याला हाका मारतोय. ढसाढसा रडलो. डोळे असे भरलेले, लिहून कसं घेणार? उद्या.
बहीण लौरी म्हणाली, दादा, आधी उतरव, मग काय ते चोपडत बस. शास्त्रातलं हिला काय कळतंय.

११ नोव्हेंबर
चाळीसही पानं चोपडून झाली, वाचूनही झाली. गुरगन माझ्यामुळे अमर होणार. कॉपी सोमवारपासून. आधी प्रस्तावना.

१४ नोव्हेंबर
प्रस्तावना तयार. अकरा पानं. नऊ आमच्या घराण्यावर, तेवढी लागतातच. पोथी किंचित तपकिरी वाटते. उजेड कमी असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सर्दी. कॉपी रद्द. पोथी आणखी तपकिरी. काढा पातळ झाला असणार. आणखी एक हात दिला, चांगला दाट.

२४ नोव्हेंबर
सगळी पानं काळी. खिडकीत धरली, ओल्या फडक्यानं पुसली. एक अक्षर नाही. बाला गावच्या बाजारातल्या त्या माणसानं जुनी मायफळं गळ्यात मारली. चोर लेकाचा!

२६ नोव्हेंबर
मास्तर आला. लौरीनंच बोलावला, घरभेदी. त्यानं चाळीसही पानं एकेक करून उलटली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, तुम्ही तरी सगळं वाचलंय ना रेव्हरंड? आठवेल ते सांगा, मी लिहून घेतो.
तासभर बसलो. लौरी दारात उभी होती. एक ओळ आठवली. एकच कशी सांगायची, म्हणून दुसरी तिथंच जुळवली.
ती दुसरी ऐकून मास्तर रडला.