पायाळू भावास

रत्नागिरी,
१८ नोव्हेंबर २०२४

भागोजीभाऊंस,
रावजीचा नमस्कार. वहिनींनाही सांगा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून आमच्या दीपकला सावर्ड्याला पाठवतोय.

आमचं हे घर कितीला पडलं असं लोक विचारतात. मी काहीतरी आकडा सांगतो. खरं म्हणजे ते तुमच्या बहिणीच्या, तुळसाच्या, कमरेच्या दोन चकत्यांना पडलं. जोत्याचे सगळे चिरे तिने डोक्यावरून वर आणले. मला मात्र ऐटीत सांगायची सवय, की रावजीच्या घरात कुणाला कधी धरून उठवावं लागलेलं नाही.

डॉक्टरांनी प्लास्टिकचा कणा दाखवला. दोन मणक्यांत एक चकती असते, गादीसारखी. तुळसाच्या अशा दोन मागे सरकून नसेवर बसल्या आहेत. मला लगेच कळलं. दोन चिऱ्यांमधला सिमेंटचा माल बाहेर आला की वरचा चिरा बसतोच. चिऱ्याला टिचकी मारून मी आतली भेग ओळखतो; तिची डावी चप्पल फरशीवर फरफटतेय हेही मीच आधी ऐकलं. घोट्यातून पाऊल वर येत नाही. ऑपरेशन लवकर व्हायला हवं. नस फार दिवस दाबलेली राहिली तर पाऊल परत येईलच, असं डॉक्टर सांगत नाहीत.

पण ती तयार नाही.

"दादाचा पाय लागल्याशिवाय मी सुरीखाली जायची नाय."

"अगो, एवढा शिकलेला डॉक्टर आहे!"

"असेल. तो पायाकडून जन्मलाय काय?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही. तुम्ही पायाळू, तुमचा पाय लागला की भरलेली कंबर सुटते, ही तिची लहानपणापासूनची खात्री. तुम्हाला वाटेल, भावजींना आत्ता आठवण झाली. गणपतीत मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "भाऊंचा पाय एवढा गुणाचा, तर माझ्या खाणीत पाठवा, चिरे आपोआप सुटतील." त्यात ताट सोडून उठण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण तुम्ही उठलात. तुळसाही त्या दिवशी जेवली नाही.

मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "नुसता टेकवू दे, दाबायचं नाही." तेव्हा या, हलकेच पाय लावा, आणि तिला म्हणा, "जा बाय, आता." एवढंच. माझ्याशी बोलू नका हवं तर. मी पडवीत बसेन.

दीपकला गाडी दिली आहे. त्याच गाडीने या.

तुळसा बरी आहे, असं वर लिहिणार होतो. आज सकाळी न्हाणीतून तिला मी आणि सून शमिकाने दोन्हीकडून उचलून आणलं.

तुमच्या बहिणीचा नवरा,
रावजी