ठेल्याची जागा

बाई, तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला मॅडमच म्हणत राहिले. तुम्ही दहादा सांगितलं होतं, "मले बाई म्हण वो, आमच्या इकडं मास्तरणीले बाईच म्हणते." पण रायपुरात बाई म्हणजे घरी भांडी घासायला येते ती, आणि पॉलिटेक्निकच्या व्हरांड्यात मैत्रिणींसमोर मी तुम्हाला तशी हाक मारली असती तर वर्षभर माझी टिंगल झाली असती. आता टिंगल करायला कोणी उरलं नाही. मराठीचंही तसंच. आमचं घराणं मराठ्यांच्या राजवटीपासून इथलं. आजोबा मराठीत बोलायचे, बाबा ते ऐकून हिंदीत उत्तर द्यायचे, आणि मी तर भांडायचेही हिंदीतच. तुम्ही हजेरीत माझं आडनाव वाचलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी हिंदी बंद केलीत. मी "जी मॅडम" म्हणाले की तुम्ही म्हणायच्या, "जी काय? हो म्हण." तेव्हा हे पत्र मराठीत आहे ते तुमच्यामुळे, आणि त्यातल्या चुका माझ्या आहेत.

राज्य नवीन झालं होतं ते वर्ष आठवतं तुम्हाला? राजधानी झाली म्हणून गावाच्या अंगात आलं होतं. जिकडेतिकडे रंग, पाट्या, मंत्र्यांचे बंगले, आणि आमच्या ड्रॉइंगच्या वर्गात सगळ्या मुली पोर्च आणि बाल्कनी काढण्यात गुंग. तुम्ही सगळ्यांच्या शीटा गुंडाळायला लावल्या आणि आम्हाला तलावाकाठच्या वस्तीत नेऊन सोडलंत. ती वस्ती हटणार, तिथल्या लोकांना सरकार पक्की घरं देणार, अशी बोलवा होती. प्रत्येकीनं एक झोपडी मोजून आणायची. माझ्या वाट्याला ठेल्यावर गुपचुप, म्हणजे तुमची पाणीपुरी, विकणाऱ्या गुपचुपवाल्याची झोपडी आली. मी भिंती मोजल्या, दार मोजलं, कोपऱ्यातली चूल मोजली आणि असा नेटका नकाशा काढला की मलाच माझं कौतुक वाटलं. तुम्ही तो हातात धरून झोपडीसमोर उभ्या आहात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. एकदा नकाशा बघता, एकदा झोपडी. मग विचारता, "तुह्या नकाशात ठेला कुठी हाये?"

"मॅडम, वो तो बाहर खड़ा रहता है."

"बाहेर राह्यते म्हणून तो घरातला नाही काय वो? त्या ठेल्यावर चार जणं जेवून राहिले. भिंती त कोणीबी काढते. जाय, ठेला मोजून आण."

सगळ्या वस्तीसमोर. गुपचुपवाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी कानापर्यंत लाल होऊन ठेला मोजला, चाकं मोजली, तो वळवायला किती जागा लागते तेही त्याच्याकडून वळवून घेऊन मोजलं. तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की घरी जाऊन मी आईला सांगितलं, ही बाई वेडी आहे. आज ऑफिसात नवीन मुलं येतात आणि कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत भिंती काढून देतात, तेव्हा मी त्यांना तेच विचारते, फक्त तुमच्याइतकं गोड मला जमत नाही.

मग एका रविवारी तुम्ही घरी बोलावलंत. चौबे कॉलोनीतल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि स्वयंपाकघर इतकं लहान की दोघींपैकी एकीनं श्वास आत घ्यावा. मी गरिबांच्या घरासाठी छान उभा ओटा आणि त्यावर खिडकी काढली होती. तुम्ही जमिनीवर पोतं अंथरलंत, परात ठेवलीत, मला बसवलंत आणि ज्वारीचं पीठ मळायला लावलंत. मी मळते आहे आणि तुम्ही टेप घेऊन मलाच मोजता आहात: गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत, कोपरापासून भिंतीपर्यंत. "सारी जिंदगी बसून रांधलं तिनं," तुम्ही म्हणालात, "ती तुह्या ओट्याखालीच बसन. अन् खिडकी तिच्या डोक्यावर. धूर कोठून जाईन?" भाकरी माझ्याच्यानं थापली जाईना, कडा फाटत होत्या. तशीच फाटकी भाकरी तुम्ही तव्यावर टाकलीत आणि पहिली मला वाढलीत. शेवटच्या वर्षी परीक्षा झाल्यावर तुम्ही तोच टेप मला देऊन टाकलात. त्याचं टोक वाकलेलं होतं, दर मापाला दोन सूत जास्त दाखवायचा, आणि ते वजा करायला विसरायचं नाही अशी तंबीही दिलीत.

मी गृहनिर्माणात सब-इंजिनिअर झाले ते तुम्ही पाहिलंत. वर्षभरातच तलावाकाठच्या वस्तीचा हुकूम निघाला. शहराबाहेर उरला गावाच्या बाजूला मोकळी जमीन, तळमजला आणि वर तीन मजले, झोपडीला एक घर. पहिलाच नकाशा माझ्या टेबलावर आला तेव्हा मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावरची दोन घरं मी काढून टाकली आणि तिथे जाळीची, कुलूप लागेल अशी ठेल्यांची जागा केली. त्यात प्रमाणात ठेले काढले, तुम्ही मला मोजायला लावलेल्या मापाचे. तुम्ही तेव्हा समता कॉलोनीतल्या दवाखान्यात होतात. मी शीट गुंडाळून तिथे आणली आणि तुमच्या पायांवरच्या चादरीवर पसरली. तुम्ही चष्मा मागितलात. बोट फिरवत फिरवत ठेल्यांपाशी थांबलात आणि तुमचे डोळे भरून आले. मी तुम्हाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला कुठे पाहावं कळेना. तुम्ही एवढंच म्हणालात, "हे शेवटपर्यंत ठेवजो." मी म्हणाले, हो बाई. नाही, खोटं कशाला लिहू, मी "जी मॅडम" म्हणाले, आणि त्या दिवशी तुम्ही मला टोकलं नाहीत. महिन्याभरात तुम्ही गेलात.

नकाशा वर साहेबांकडे गेला आणि ठेल्यांची जागा गेली. दर इमारतीत दोन घरं वाढली. कागदावर घरांची संख्याच मोजली जाते, आणि ती वाढली की सगळे खूश. मीही मनाला समजावलं की दोन कुटुंबांना छप्पर मिळालं. ते खोटं नाही. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे, पण चिठ्ठ्या काढायच्या दिवशी मंडपात मी होते. ज्या बायका आयुष्यभर तलावावर अंघोळीला गेल्या त्यांच्या हातात नळ आणि संडास असलेल्या घराची किल्ली पडली तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. गुपचुपवाल्याला तिसरा मजला लागला. त्याच्या बायकोनं मला ओळखलं, माझे दोन्ही हात धरले, खूप हसली. मग किल्ली पदराला बांधता बांधता तिनं विचारलं, "दीदी, ठेला ला कहां राखबो?" मी म्हणाले, "नीचे रख देना, देखते हैं." आमच्या ऑफिसात 'देखते हैं' म्हणजे नाही, हे तिला कुठून माहीत असणार?

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शहरातल्या बेघर लोकांची मोजणी निघाली. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी आसरे बांधायचे, म्हणून सगळ्या खात्यांची माणसं घेतली. मला नेमका तोच भाग आला. उजाडत होतं. आमच्याच इमारतीखाली, मी काढलेल्या भिंतीला टेकून, एक माणूस प्लास्टिक पांघरून ठेल्यावर झोपला होता. मी हाक मारली. तो उठून बसला आणि मी त्याला ओळखायच्या आधी त्यानं मला ओळखलं.

"भैया, घर नहीं है?"

"है ना दीदी. तीसरा माला." त्यानं बोट वर केलं. "एक बार ठेला चोरी हो गया. तब से नीचे ही सोता हूं."

"कब से?"

"बिटिया स्कूल जाती थी तब से. अब तो उसकी शादी हो गई."

माझ्या हातातल्या फॉर्मवर प्रश्न होता: पक्कं घर आहे का? उत्तर हो. हो असेल तर माणूस बेघर नाही, पुढच्याकडे जा. मी पुढच्याकडे गेले, कारण पाय नेत होते. दुपारी ऑफिसात बसून मी तुमच्यासाठी रडले, तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. मग मात्र मी हटून बसले. अर्ज, टिपणं, बैठका, फोटो. मी लोकांच्या इतकी डोक्यात गेले की माझ्या बढतीच्या वेळी त्याचाही उल्लेख झाला. शेवटी नव्या इमारतींत ठेल्यांची जागा मंजूर झाली आणि जुन्यांच्या खाली जाळीच्या शेड झाल्या. यंदा त्यांचं उद्घाटन झालं. मला माइक दिला. मी तुमच्याबद्दल बोलले, टेपबद्दल, भाकरीबद्दल, वस्तीत खाल्लेल्या त्या बोलण्यांबद्दल. मी सांगितलं की माझ्या शिक्षिकेनं हे फार आधीच ओळखलं होतं, माझ्या पहिल्या नकाशात ही जागा होती, पण त्या वेळच्या साहेबांनी ती खोडली. लोकांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या बाई, खूप वेळ. मला फार बरं वाटलं. खाली उतरल्यावर गुपचुपवाल्याची बायको भेटली. म्हणाली, "अब ऊपर सुतथे दीदी, फेर नींद नइ परय. घेरी-बेरी खिड़की ले झांकथे." आता वर झोपतो, पण झोप लागत नाही, सारखा खिडकीतून खाली ठेला बघतो, हे सांगताना ती हसत होती. मलाही हसावं लागलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही ते एका अर्थी बरंच आहे. तुमच्या त्या दोन खोल्यांत आता कोचिंग क्लास आहे. आणि तुम्ही समोर असतात तर पुढचं मला बोलता आलंच नसतं.

साहेबांनी काही खोडलं नव्हतं. भला माणूस होता, निवृत्तीला आलेला. तुम्हाला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, शीट पसरली आणि ठेल्यांवर बोट ठेवून विचारलं, "ये क्या है?" रागानं नाही. मला ठेले म्हणायचं होतं. चारचौघे इंजिनिअर बसले होते, आणि मी नवी. मी म्हणाले, "कुछ नहीं सर, गलती से रह गया." ते म्हणाले, ठीक कर लेना, आणि पुढची शीट उघडली. त्यांना ते काय आहे ते कळलं नव्हतं बाई. त्यांनी नुसतं विचारलं होतं.