कापलेली नळी

३ नोव्हेंबर, रविवार
पोहोचलो एकदाचा! मोताळ्याला उतरून गरम भजी खाल्ली, ऑटोने गावात आलो आणि चर्चच्या माळ्यावर तो ऑर्गन पाहिला. अहाहा! शंभरहून जास्त वर्षांत सूर काढणारी एकही नळी कुणी बदललेली नाही, वीज जोडलेली नाही. गावात त्याला मोठी पेटी म्हणतात. हवा भरतात जानराव. सत्तरीचे, आजोबांपासून घरात हेच काम. दर रविवारी उपासनेत मी वाजवायचं, त्यांनी मागे भात्याचा दांडा दाबायचा. माझ्या डोळ्यांसमोर दोऱ्याला शिशाची गोळी लोंबते; भाता भरला की वर, रिकामा झाला की खाली. गोळी तळाले टेकली का पेटीचा दम सरला समजा, असं त्यांनी बजावलं. आणि काय वाटेल ते वाजवा, पन पेटीले कातर लावू नका, म्हणाले. मला हसू आलं. पंचवीस वर्षं वाजवतोय मी!

६ नोव्हेंबर, बुधवार
फोनवर सूर तपासले. सगळी पेटीच आजच्या सुराहून खाली. जुनी वाद्यं तशीच असतात, हे मला ठाऊक आहे. तरी मधली एक नळी मला खुपायला लागली. जानराव जेवायला गेले तेव्हा पत्र्याच्या कातरीने तिचं टोक बोटभर उडवलं. फोन खूश झाला. पण ती आता बाकी सगळ्या नळ्यांशी भांडते, आणि कापलेलं जोडता येत नाही. शुद्ध गाढवपणा केला.

१० नोव्हेंबर, रविवार
दुसऱ्याच गीताला नळी किंचाळली. लोक माना वळवून बघू लागले. पाळकसाहेबांनी वर येऊन कापलेलं टोक पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, माळ्याची किल्ली कुणाकडे असते? जानरावांकडे, असं मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पुढे मात्र मी तोंड उघडलं नाही. जानरावांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. शी! लाज वाटते माझी मलाच.

१९ नोव्हेंबर
जानरावांच्या पत्नी, सिंधूताई, येऊन गेल्या. ते जेवत नाहीत. मी नाही कापली, एवढंच बोलून राह्यले, म्हणाल्या. उद्या पाळकसाहेबांशी बोलतो म्हणालो. बोललो नाही.

२३ नोव्हेंबर
जानराव गेले. मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

२६ नोव्हेंबर, दुपार
भात्याजवळ कुणी नाही. दांडा हलतोय. मी श्वास घेतला की गोळी वर, सोडला की खाली. श्वास रोखला — थांबली.

२९ नोव्हेंबर
चार पायऱ्यांत धाप. डॉक्टर म्हणाले, छाती ठीक आहे. गोळी रोज जरा जास्त खाली जाते. वर कमी —

१ डिसेंबर, रविवार
उपासना संपली. सिंधूताई माळ्यावर आल्या. हलता दांडा पाहून भ्यायल्या नाहीत, फक्त पदर डोक्यावर घेतला. कोनं कापली, एवढंच विचारलं. मी ही वही पुढे केली, सहा तारखेचं पान. त्यांनी हात आडवा केला. कागद नको म्हणाल्या. माह्या मालकाले चारचौघांत तोंडानं बट्टा लावला, तोंडानंच काढा.

खाली लोक अजून बसलेत. त्या वाट बघताहेत. त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून वहीत तोंड खुपसून —

गोळी टेकायला आली. एका शब्दापुरता दम. मी. एवढंच तर ओरडायचं. माझा हेतू वाईट नव्हता, फोनवर सूर — नको, हे नको. आता बोलायला हवं. बोलायला हवं आणि मी अजून लिहि —