अडीचचे दोन

अप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज ऑफिसात डबा खाताना मला तुमचं व्हर्नियर आठवलं. दम्यामुळे तुम्ही मला दुसरीपर्यंत शाळेत पाठवलं नाहीत. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पार्टांची मापं तपासून यायचात आणि आई पोळ्या करत असताना ओट्याशी माझी शाळा भरायची. एकदा त्या व्हर्नियरच्या जबड्यात धरून लाटण्याची जाडी मोजायला लावलीत. मी वहीत नुसतं एकतीस लिहिलं. तुम्ही वही स्वतःकडे वळवता. "पॉइंट कुठं गेला?" "थोडाच होता, अप्पा." "थोडा होता म्हणून खाल्लास?" आई पोळी उलटत म्हणते, "खाऊ दे हो, तेवढंच अंगी लागेल." तुम्ही हसत नाही. पान फाडून पुन्हा मोजायला लावता.

आता मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे कुठलीही माहिती ठेवण्याआधी तिचा प्रकार सांगावा लागतो: हा मजकूर, हा पूर्णांक, हा दशांश. या साध्या प्रकारांमधून आपला स्वतःचा प्रकारही घडवता येतो, त्याला क्लास म्हणतात. मी 'औषध' नावाचा क्लास केला. त्यात नाव मजकूर, दिवस पूर्णांक, आणि मात्राही पूर्णांक. डोक्यात गोळ्या होत्या, एक किंवा दोन. लहान मुलांचं पातळ औषध अडीच मिली असू शकतं, हे सुचलंच नाही. पूर्णांकात अडीच मावत नाही. पॉइंटपुढचं सगळं कापलं जातं. सिन्नरच्या एक डॉक्टरबाई मुलांचा दवाखाना चालवतात. त्या अडीच टाकतात आणि चिठ्ठीवर दोन छापून येतं.

मंगळवारी हे माझ्या लक्षात आलं तशी मी सरांकडे गेले. "अगं, अर्धा मिली! तेवढं तर झाकणालाच चिकटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, बाईंना फोन करते." "कर, आणि एवढ्या मुश्किलीनं मिळालेला दवाखाना घालव. सोमवारच्या अपडेटमध्ये गुपचूप टाक. फोनबिन काही नाही." मात्रेचा प्रकार मी पाच मिनिटांत बदलला, पण तो सोमवारपर्यंत माझ्याच मशीनवर अडकून आहे. आज शुक्रवार. तिकडे चिठ्ठ्या निघताहेत. कुणीतरी आई झाकणावरची रेघ बघून अगदी नेमकं दोन मिली ओततेय, थेंबही इकडेतिकडे होऊ न देता. मी खुर्चीत बसून असते. पाणी प्यायला उठले तरी सरांना वाटेल फोन करायला चालले, म्हणून उठत नाही.

चार दिवस मी स्वतःला हेच सांगतेय की सरांनी अडवलंय. ते खरं नाही. बाईंचा नंबर माझ्याकडे आहे आणि बसस्टॉपवर मला कुणी अडवत नाही. बाई एकच विचारतील, हे झालं कसं? सरांना मी सांगितलं की लक्षात आलं नाही. पण अप्पा, मशीननं मला थांबवलं होतं. डॉक्टर आकडा टाकतात ती चौकट दशांशाची होती; तो दशांश पूर्णांकात घालू दिला नाही, माहिती हरवू शकते असं स्पष्ट लिहून दाखवलं. त्या दिवशी काम द्यायचं होतं. मी कंसात एक शब्द टाकला, ज्याचा अर्थ होतो, हरवू दे. मग ते गप्प झालं.

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.