भाव आला की कळवा

निलंगा, सोमवार सकाळ

ती. गुरुपादप्पा पाव्हण्यांना रामलिंगचा शरणार्थ.

आपली तब्येत कशी हाय? गुडघ्याला तेल लावता का? वहिनींचा खोकला गेला का? इकडं मी एकदम मजेत हाय. फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता अन् बाजूला तुमची बहीण बसलेली असते. (ती माझी बायकोही हाय, हे विसरलो न्हाई.) सिद्धम्मानं लातूरला येऊन माझ्याबद्दल काय काय सांगितलं असंल त्याचा अंदाज हाय. म्हणून थंड डोक्यानं, कुणाचीच बाजू न घेता, झालं ते कळवतो.

सोयाबीन निघालं तेव्हा भाव पडलेला होता. असल्या टायमाला विकणारा माणूस येडा, हे दसऱ्याला तुम्हीच माझ्या ओसरीत बसून म्हणला होता. (तेव्हा ओसरीत बसायला जागा होती.) म्हणून पोती मधल्या खोलीत लावली. भाव चढला की अजून थोडा चढू दे म्हणून थांबलो, उतरला की परत चढू दे म्हणून थांबलो. यात माझी चूक कुठं झाली ते मला अजून सापडलं न्हाई. खोली भरली, मग ओसरीत थप्पी लागली, मग पलंगावर. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपू लागलो. उदगीरची बहीण भाऊबीजेला आली, मला पोत्यावर बसवून ओवाळलं, अन् टेकायला जागा न्हाई म्हणून त्याच दिवशी एसटीनं परत गेली. साखरेचा डबा एका थप्पीच्या मागं गेला, तवापासून सिद्धम्मा बिनसाखरेचा चहा देऊ लागली. तब्येतीला चांगलाच असतो म्हणलो, तर तेही तिला आवडलं न्हाई. उंदरांसाठी मांजर आणलं, ते पोत्यांवर झोपतं, उंदीर खाली हिंडतात. दोघांचं चांगलं जमलंय.

मग वर्षाराणीचं आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात पोरीला आणायचं, ही रीत तुम्हाला काय सांगायची. जावयानं गाडी करून आणली. पोरगी दारातून आत आली, दोन थप्प्यांमधून तिरपी होऊन जाऊ बघत होती, पण आता तिरपी झाली तरी मावेना. मी म्हणलो, थोडं थांब बाई, भाव येऊनच राहिला, मग तुला खोलीच खोली. (पलंगावरची पोती उतरवायला मी तयार होतो, हे सिद्धम्मानं सांगितलं नसंल.) पोरगी रागावली न्हाई. घाम पुसला अन् म्हणली, "बाबा, भाव आला की कळवा. मग येते." अन् माघारी गाडीत जाऊन बसली. सिद्धम्मा तिच्या शेजारी बसली, चार लुगडी घ्यायलासुद्धा आत आली न्हाई. जावई तेवढा पाया पडून गेला. पुढचं तुम्हाला माहीत हाय, दोघी तुमच्याच दारात उतरल्या.

त्यानंतर माझं उत्तम चाललंय. घर शांत हाय. सकाळी उठून मोबाईलवर लातूरचा भाव बघतो, चहा करतो, परत भाव बघतो. शुक्रवारी काय झालं तेवढं सांगतो. भाव चढला. माझ्या मनात होता तेवढा, बरोब्बर तेवढा. मी उठलो अन् सिद्धम्माला हाक मारली. मांजरानं डोळे उघडले. मग त्यालाच भाव सांगितला, ते कूस बदलून झोपलं. पाव्हणं, खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी भाव आला अन् सांगायला घरात माणूस न्हाई.

असो. माझी कुणाबद्दल तक्रार न्हाई. ज्याला जिथं बरं वाटतं तिथं त्यानं राहावं. पोरीला जपा.

आपला,
रामलिंग

ता. क. : मी शुक्रवारी नुसता बसून राहिलो अन् शनिवारी भाव परत उतरला. तरी काल सगळं सोयाबीन शेषेरावच्या टेम्पोत भरलं, आज लातूरच्या बाजारात नेऊन राहिलो. कितीला गेलं ते विचारू नका.

आणखी एक : मधली खोली झाडून घेतली, चुना मारला, खिडकीजवळ बाज टाकली. साखरेचा डबा सापडला. एक पोतं बियाण्याला ठेवलंय, ते सिद्धम्माला सांगू नका. बाजेखाली बसतं.

शेवटचं (लातूर, तुमच्या दारासमोरून) : हे पत्र शेषेराव वर आणून देईल. आठवा लागला की पोरीला हलवत न्हाईत, म्हणून ही घाई. टेम्पोच्या मागं एक गाडी उभी हाय, एसीची. गाडीवाल्यानं मागितलं तेवढ्याला ठरवली, भाव केला न्हाई. हे मात्र सिद्धम्माला जरूर सांगा. मी त्याच गाडीत पुढं बसलोय. वर या म्हणली तर येतो, न्हाई तर इथंच बसतो. गाडी दिवसभरासाठी केली हाय.