फोटोतल्या माणसाने स्वतः यावे

आण्णा,

इतक्या वर्षांनी लिहितोय, उशिराची माफी असावी. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या मुलाचं लग्नही झालं नव्हतं, आणि आता त्याची मुलगी एकवीस वर्षांची आहे. तुमच्या स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. तिथून जाताना माझी पावलं अजून हळू पडतात, आत तुम्ही बसला असाल असं वाटतं. माझी शाळा सातवीतच सुटली हे तुम्हाला माहीत आहे. फोटोच्या मागं गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना माझ्या चुका सुधारायचात, तशा इथंही सुधारून घ्या.

आधी काय झालं ते सांगतो, नाहीतर मी भरकटेन. नात नर्सिंगच्या परीक्षेत कॉलेजात पहिली आली. गल्लीतल्या मंडळानं तिच्या अभिनंदनाचा डिजिटल बोर्ड चौकात लावायचं ठरवलं. तुमच्या काळी असले बोर्ड नव्हते. आता वाढदिवस असो, निवड असो, माणसाएवढा चेहरा छापून खांबाला टांगतात. मंडळाची पोरं म्हणाली, "आज्जा, मोबाइलमधला कुठला बी फोटो चालतोय की." मी म्हटलं, चालत नाही. मी तिला उंबऱ्याच्या आत स्टुलावर बसवलं, बाहेरचा उजेड तोंडावर घेतला, केस कानामागं घ्यायला लावले, हनुवटी बोटभर खाली. तुम्ही शिकवलेलं सगळं केलं. बोर्ड लागला आणि मी दिवसातून तीनदा चौकात चहाला जायला लागलो. पोरांनी तोच फोटो ग्रुपवरही टाकला. पंधरा दिवसांत कुणीतरी त्या चेहऱ्याखाली उघडं अंग लावलं आणि ते चित्र गल्लीभर फिरलं. आपण एका फोटोतला चेहरा कापून दुसऱ्यावर चिकटवायचो, जोडकाम म्हणायचो, आता त्याला ब्लेड लागत नाही, डिंक लागत नाही. एआय म्हणतात. फोटो द्यायचा, बटण दाबायचं, यंत्र बाकीचं करून देतं.

नातीनं ते मला स्वतः दाखवलं. मोबाइल माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडं करून उभी राहिली. म्हणाली, "आज्जा, तुम्ही हेच काम केलंय न्हवं जन्मभर? जोड कुठं हाय तेवढं सांगा. मला लोकांना दाखवायचा हाय." तुम्ही माझ्या लग्नात दिलेलं भिंग मी ट्रंकेतून काढलं. केसांची कड बघितली, मान बघितली, कानाच्या पाळीखाली बघितलं, तिथं आपण हमखास चुकायचो. आण्णा, जोड नाही. मला सापडला नाही. ती तशीच भिंतीकडं तोंड करून विचारतेय, "घावला का?" आणि मी भिंग पुसत बसलोय.

मुलगा म्हणाला, "दोन म्हैन्यात लोक इसरत्यात. पोलिसात गेलं की चार गावात जातंय. गप बसायचं." नात म्हणाली, "मी काय केलंय म्हणून गप बसू? उद्या वॉर्डात पेशंटला सलाईन लावताना त्यो मोबाइल काढून बघंल, तवा बी गप बसू?" खोटं कशाला सांगू, मी मुलाच्या बाजूनं होतो. मला ठाण्याची पायरी चढायची भीती, शेजाऱ्यांची भीती, सगळ्याचीच भीती. पण तिनं खुंटीवरचा माझा सदरा काढून खाटेवर ठेवला, "चला, फोटो तुम्ही काढलाय," म्हणाली आणि मला घेऊनच गेली. हवालदार माणूस वाईट नव्हता. आधी पाणी दिलं. पण लिहिता लिहिता थांबला. "ताई, हे अंग तुमचं न्हाईच म्हणताय. मग फोटो तुमचा कसा म्हणायचा?" नात म्हणाली, "तोंड कुणाचं हाय मग? तुमचं?" त्याला हसू आलं, मग लाज वाटली. म्हणाला, "तसं न्हवं हो, कुठल्या खणात बसवायचं ते बघतोय."

तिनं मग एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, कलमं नाहीत असं नाही. असलं चित्र पसरवणाऱ्याला धरता येतं. पण इथलं एक, तिथलं एक असं गोळा करून लावावं लागतं. नुसतं बनवून जवळ ठेवलं तर काय? बनवून देणारं ॲप परदेशातलं असेल तर काय? सरळ बोट ठेवता येईल असं एक कलम पाहिजे." मुलगा म्हणाला, कायदा केला म्हणून बनवणारे थांबतात होय? दोघांचंही मला पटलं. माझं असंच होतं, जो शेवटी बोलतो त्याचं पटतं. पण घरी येताना काउंटरवरची तुमची पाटी आठवली, आणि पाटीमागची मुरगूडची मुलगी.

मी तेव्हा पंचविशीचा. जोडकाम करावं तर मीच, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. एक तरुण कॉलेजच्या सहलीचा फोटो घेऊन आला. तिसऱ्या ओळीतल्या मुलीवर बोट ठेवलं. म्हणाला, लग्न ठरलंय, हिला माझ्याशेजारी बसवा. तुम्ही गावाला गेला होतात. मी चार दिवस खपलो. दुसऱ्या एका बाईचं अंग, दुसरी साडी, त्याच्या खांद्याला खांदा लावून तिचा चेहरा. तुम्ही आलात तेव्हा एक प्रत तो घेऊन गेला होता, दुसरी दोरीवर वाळत होती. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही विचारलंत, "कुणाला इचारलंस?" मी म्हणालो, त्यानं सांगितलं लग्न ठरलंय. "त्यो म्हणाला. ती काय म्हणाली?" तुम्ही हात उगारला नाहीत. तो उगारला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही चौकशी केलीत. लग्न ठरलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं होतं म्हणून त्यानं तो फोटो तिच्या गल्लीत दाखवत फिरवला. आपण दोघं एसटीनं मुरगूडला गेलो. तुम्ही तिच्या वडिलांपुढं हात जोडून उभे, मी तुमच्या मागं. "आमच्या दुकानात झालंय. चूक आमची हाय." वडिलांनी बसा म्हटलं नाही. मुलगी आतून आली, फोटो बघितला, आणि मला विचारलं, "साडी माझी न्हाय. हात माझा न्हाय. मग हितं बसलंय कोण?" तिचं कॉलेज सुटलं होतं. पुढच्या महिन्यात तिला चंदगडकडं कुठंतरी दिलं, एवढंच कळलं. परत आल्यावर तुम्ही स्वतः रंग कालवून पाटी लिहिलीत आणि काउंटरवर लावलीत. जोडकाम करायचे असल्यास फोटोतल्या माणसाने स्वतः यावे. माणूस मयत असल्यास घरच्यांनी यावे.

त्या पाटीमुळं किती गिऱ्हाइकं गेली, पण किती माणसं आलीही. राधानगरीकडची ती म्हातारी आठवते? तिच्या लेकाच्या लग्नाच्या फोटोत वारलेला नवरा बसवून दिला आपण. ती त्या फोटोशी बोलायला लागली. म्हणून असं नवं कलम करायचं म्हटलं की मला आणखी एक काळजी लागते, हे असलं जोडकामही गुन्हा ठरवतील काय. पण तुमच्या पाटीला दोन्हीतला फरक कळत होता. तिथं देशपरदेशाचा प्रश्न नव्हता, आधी बनवायचं आणि मग बघायचं असंही नव्हतं. जिचा चेहरा आहे ती आल्याशिवाय ब्लेड उचलायचंच नाही. मला कायद्यातलं कळत नाही, पण वकीलबाईंना मी ही पाटी सांगितली. त्यांनी ती वहीत उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "आजोबा, आम्हाला एवढंच पाहिजे. फक्त दुकानापुरतं नको."

जोड सापडला नाही, पण काल दुपारी दुसरं काहीतरी सापडलं. भिंगातून मी तिचे डोळे बघत होतो. बुबुळात उजेडाचा एक उभा चौकोन आहे. ते आमचं दार. आणि त्या चौकोनात एक काळी आकृती आहे, दोन्ही हात तोंडाशी धरलेली. तो मी, मोबाइल धरून उभा. माझ्या मूळ फोटोतही तोच चौकोन, तीच आकृती. यंत्रानं बाकी सगळं बदललं, डोळे तसेच ठेवले. नातीला दाखवलं तर तिनं भिंग माझ्या हातातून घेतलं. "म्हणजे तुम्ही त्या बी फोटोत माझ्यासमोर हुबं हायसा," म्हणाली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा रडली. वकीलबाई म्हणाल्या, हे जबाबात सांगा, चेहरा याच फोटोतला आहे हे कळेल. उद्या अकरा वाजता ठाण्यात जायचं आहे. मुलगाही येतो म्हणालाय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रडून झाल्यावर नातीनं विचारलं, "आज्जा, असलं करणाऱ्याला करताना काय वाटत असंल वो?" मी म्हणालो, मला काय ठाऊक. आण्णा, मला ठाऊक आहे. त्या चार दिवसांत मुरगूडच्या मुलीचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. जोड दिसू नये एवढाच विचार होता, आणि तो दिसत नाही म्हणून मी खुश होतो. तुम्ही दोरीवरची प्रत जाळायला सांगितली होती. मी बंबात दुसराच बाद कागद टाकला. ती प्रत त्याच ट्रंकेत आहे, भिंग होतं त्याच्या खाली. ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं म्हणून ठेवली, दुसरं काही कारण नाही. या पत्राला आता पत्ता नाही, तेही तिथंच जाईल. पण उद्या जबाब द्यायच्या आधी ती प्रत नातीपुढं ठेवू, की गुपचूप जाळून टाकू? ठेवली तर ती माझा हात धरून ठाण्याची पायरी चढेल काय? तुम्ही अशा वेळी एका वाक्यात सांगायचात. अकराच्या आत काहीतरी कळवा, आण्णा. लवकर कळवा.