तिसऱ्या पुडक्याची तारीफ

इश्केवर, १८ बहमन

चि. इरजजान यास तूबाआबजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, गुडघे सोडून. पत्राला कारण तूच आहेस. तुझ्या फख्रीला देवाघरी जाऊन वर्ष होत आलं. माझा थोरला नासिर परवा कझवीनला तुझ्याकडे डोकावून आला. सांगत होता, मामाने भर दुपारी पडदे ओढून घेतलेत, झोप नाही, छाती धडधडते, आणि पाहुण्यापुढे ठेवायला घरात बिस्कीटसुद्धा नाही. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या घराचं दार सापडू नये, म्हणजे कमालच झाली.

मिनीबसवाल्याबरोबर गावजबानची सुकी फुलं धाडली आहेत, झोपेला आणि चिंतेला औषध, आपल्याच डोंगरउतारावरची. मूठभर फुलं, एक सुकं लिंबू, खडीसाखर, आणि सामोवरमध्ये पाणी उकळून वर किटलीत मुरू द्यायचं. जांभळं पाणी लाल झालं की दोन पेले प्यायचे. आपल्या आईने याच्या जोरावर चार बाळंतपणं आणि आपले वडील निभावले. डॉक्टरच्या गोळ्या मात्र बंद करू नकोस, आणि त्यांच्याबरोबर ही फुलं चालतात का ते विचारून घे. मी तुझी बहीण आहे, हकीम नाही.

उत्तर दे, नाहीतर मीच येऊन बसेन.
तुझी, तूबा

कझवीन, २ इस्फंद

प्रिय आबजीस इरजचा सलाम वि. वि.

तुझे हात कधी दुखू नयेत. फुलं पोचली. काय तो रंग, काय तो वास. पहिल्याच दिवशी लहान मुलासारखा झोपलो. धडधड तर कुठल्या कुठे गेली. पडद्यांचं म्हणशील, तर ऊन फार लागतं म्हणून ओढले होते.

माझ्यासारख्यासाठी आणखी कष्ट घेऊ नकोस.
तुझ्या पायाची धूळ, इरज

इश्केवर, १२ इस्फंद

चि. इरजजान यास आशीर्वाद.

बहमनच्या बर्फात तुला ऊन लागलं, हे वाचून गावभर सांगितलं. ‘कष्ट घेऊ नकोस’ असं आपल्यात माणूस कधी लिहितो, ते मला ठाऊक आहे, म्हणून दुप्पट पाठवते आहे. उतारावरचा बर्फ वितळला की गेल्या वर्षीच्या साठ्यातलं तिसरं पुडकंही येईल. नवरोजला ये. तुझ्या आवडीची लसूण घातलेली वांगी करते.

वाट पाहणारी, तूबा

कझवीन, ५ उर्दिबेहेश्त

प्रिय आबजीस सलाम वि. वि.

नवरोजला यायचं फार मनात होतं, पण सर्दीने धरलं. दुसरं पुडकं केव्हाच संपवलं. परवा तिसरंही आलं, आणि आबजी, असा माल मी जन्मात पाहिला नाही. लिंबू टाकताच गुलाबासारखा लाल रंग. एका पेल्यात मन हलकं झालं. तिसरं पुडकं पहिल्या दोन्हींच्या वरताण आहे.

तुझे हात दुखू नयेत.
तुझा, इरज

इश्केवर, १८ उर्दिबेहेश्त

इरज,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की कोंबड्या परसात पळाल्या. खालच्या गावातली गौहर गालिचेवाली काल दारात येऊन माझ्याशी कडाकडा भांडली. लोकर रंगवायला तिला अक्रोडाची सुकी सालं धाडली होती. तिने दिवसभर लोकर उकळली, तपकिरी रंग काही चढेना, आणि घरभर फुलांचा वास. पुडकी बदलली होती रे. तिच्या लोकरीच्या सगळ्या चिंता मिटल्या असतील. तू मात्र पंधरा दिवस अक्रोडाची सालं पितो आहेस. आतून अगदी काळाभोर झाला असशील.

हसून झाल्यावर रडू आलं. ज्याने पुडकं उघडलं नाही, त्याने आणखी काय काय उघडलं नसेल? खिडकी? गोळ्यांची डबी? मला तुझी वाहवा नको आहे. मला तू हवा आहेस.

खरं लिही.
तूबा

कझवीन, २८ उर्दिबेहेश्त

आबजी,

तिन्ही पुडकी दाराशी खुंटीला टांगलेली आहेत, आली तशीच. गोळ्या घेतो, एवढं खरं. काढ्याला सामोवर पेटवावा लागतो, आणि तो फख्री पेटवायची. एका पेल्यासाठी तो पेटवायचा म्हणजे ती नाही हे कबूल करायचं. ते मला जमत नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून तारीफ लिहीत गेलो. तारीफ लिहायला सामोवर लागत नाही.

मला फार एकटं वाटतं.
इरज

इश्केवर, ६ खुर्दाद

इरजजान,

बरं झालं लिहिलंस. आता ऐक. उतार जांभळा झाला आहे. फुलं ऊन चढायच्या आत खुडावी लागतात, आणि माझे गुडघे संपावर आहेत. शनिवारच्या मिनीबसने ये, टोपी आण. हा तोंडदेखला आग्रह नाही, बोलावणं आहे. ‘तुला त्रास कशाला’ असं लिहिलंस, तर गौहरला तुझ्याकडे राहायला पाठवीन.

तूबा

कझवीन, १० तीर

प्रिय आबजीस इरजचा सलाम वि. वि.

तुझ्याकडून सुखरूप घरी पोचलो. आल्या आल्या पडदे बाजूला सारले, तर धूळच धूळ. मग सामोवरला हात लावला आणि रडलो. रडून झाल्यावर पेटवला. एका पेल्यासाठी पेटवायचा धीर होईना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या सलूती शिंप्याला हाक मारली. त्याचीही बायको नाही, हे इतकी वर्षं एका जिन्यात राहून मला माहीत नव्हतं.

तुझा काढा, आबजी, भिजलेल्या गवतासारखा लागतो. खडीसाखरेचा ढीग घातला तरी तसाच. सलूतीने मात्र रीतीप्रमाणे तोंड भरून वाहवा केली, म्हणून त्याला मी तिसरा पेला भरून दिला. बिचाऱ्याने तोही संपवला. झोप अजून चारच तास लागते. पण तो उद्या पुन्हा येणार आहे, तेव्हा मलाही प्यावंच लागेल.

तुझे हात कधी दुखू नयेत, असं या वेळी लिहीत नाही. ते किती दुखतात हे तीन आठवडे तुझ्या शेजारी वाकून पाहिलं. माझेही अजून दुखताहेत.

लोभ आहे तेवढाच राहू दे, पुडकं मात्र पुढच्या वेळी निम्मं धाड.
तुझा, इरज